घातलेली शपथ

आवडाबाई भोईरच्या शब्दाला मानपाड्यात वजन होतं. भाताची खाचरं बिल्डरच्या घशात गेली, त्यांच्यावर टॉवर उभे राहिले, दिरांनी मोठाल्या गाड्या घेतल्या. पण लग्नात कुणाचा मान आधी करायचा आणि भांडणात पहिलं कुणी नमतं घ्यायचं, हे अजून आवडाबाईच ठरवायची. अशा तोंडाळ बाईला एक शब्द उच्चारता येत नव्हता. काही कठीण शब्द नव्हता, पोरं खेळताना येता-जाता म्हणतात तसलाच. तिच्या नवऱ्याला, काळुरामला, तिच्याकडून तेवढा एक शब्द हवा होता आणि ती तो देत नव्हती.

काळुरामचा कॅन्सर किडनीत सुरू झाला आणि कळला तेव्हा मणक्यात उतरलेला होता. आजार हत्तीच्या पावलांनी येतो नि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. हा हत्ती आला तो दारातच बसला. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक देऊन झाले, गोळ्यांनी तोंड आतून सोलून निघालं. शेवटी ठाण्याच्या हॉस्पिटलातून त्यांना वरच्या मजल्यावर डॉक्टर हेमांगीकडे पाठवलं. पोरगी वयानं त्यांच्या लेकीएवढी, कल्पिताएवढी, पण बोलायला सरळ.

"काका, आजार आता मागे हटणार नाही," ती म्हणाली. "पण दुखणं हटवता येतं, आणि तेच माझं काम आहे. दुखणं थांबलं की तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बसाल, चार माणसांशी बोलाल. तेही कमी नाही."

तिनं मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. दर चार तासांनी, दुखो न दुखो, घड्याळ बघून घ्यायच्या. काळुरामनं विचारलं, यात असतं काय? आणि डॉक्टर खरं बोलली. खोटं बोलली असती तर तिचं काय जात होतं, असं आवडाबाईला पुढे कितीदा वाटलं.

"अफूपासून काढतात. पण दुखण्यावर औषध म्हणून घेतली की व्यसन लागत नाही. पहिले दोन दिवस जरा गुंगी येईल, एवढंच."

काळुरामनं मान डोलावली, पाकीट खिशात घातलं आणि घरी आल्यावर ते आवडाबाईच्या हातात ठेवलं.

"नशेची हाय," तो म्हणाला. "मना नाय चालत."

का चालत नाही, हे तिला सांगायची गरजच नव्हती. ते सगळं तिचंच करणं होतं.

जमिनी विकल्या त्या वर्षांत गावातल्या निम्म्या पुरुषांसारखा काळुरामही दारूत बुडाला. कल्पिता तेव्हा दहा वर्षांची, टायफॉइडनं फणफणलेली, आणि बाप एमआयडीसीत एका कंपनीच्या भिंतीकडेला गटाराशेजारी पडलेला. आवडाबाईनं त्याला दंडाला धरून घरी आणलं, दारातच डोक्यावर कळशी ओतली आणि त्याचा ओला हात पोरीच्या तापलेल्या डोक्यावर दाबून धरला. "हिची शपथ हाय तुना," ती म्हणाली होती. "परत नशा केलीस त हिचा जा काय व्हईल ता तुझ्या माथी."

त्यानं सोडली. एकदाच मोडली, पुतण्याच्या हळदीत. आता आगऱ्याची हळद काय कोरडी असते? भावकीतल्या पोरांनी हाताला धरून बसवलं, यानं एक घोट घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पिताच्या हातावर कढईतलं तेल उडालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं शेजारचे गुरुजी म्हणाले. पण पोरगी गुरुजींची भाजली नव्हती. तेव्हापासून काळुराम हळदीत सोड्याचा ग्लास हातात धरून नाचायचा, आणि घरात खोकल्याचं औषध आलं तरी आधी वास घ्यायचा. गाव हसलं, त्यानं हसू दिलं. आवडाबाईला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो ती बोलूनही दाखवायची.

आणि आता त्याच कल्पिताला दिवस गेले होते. टेंभी नाक्याला दिलेली, नवरा प्रितम गुणाचा, पण दोनदा पोट राहून दोन्ही वेळा पडलेलं. या खेपेला सातवा महिना लागला होता आणि तिच्या डॉक्टरनं तिला पलंगावरून उतरू नकोस म्हणून बजावलं होतं.

शपथेला तोड असते. ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते. दुसऱ्या कुणी घसा फोडून सांगितलं तरी सुटत नाही. आवडाबाईनं म्हटलं असतं तर काळुरामनं त्या क्षणी गोळी घेतली असती. पण म्हणायला जावं तर तिला पोरीचा भाजलेला हात दिसायचा आणि जीभ टाळूला चिकटायची. विषाची परीक्षा कुणी घ्यावी, आणि तीही पोटातल्या जिवावर? कल्पिता एकदा सुखरूप मोकळी होऊ दे, मग म्हणू, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मणक्यातल्या दुखण्याला ते ठरवणं मान्य आहे का, हे कुणी विचारलं नाही.

आधी दुखणं सकाळ-संध्याकाळ यायचं. मग ते जायचंच बंद झालं. काळुराम ओरडत नसे. ओरडला असता तर बरं, असं आवडाबाईला व्हायचं. तो टॉवेलचं टोक दातांत धरायचा आणि पंख्याकडे बघत राहायचा. घास तोंडात घेतला की चावायचं विसरायचा. एका अंगावर झोपून खांदा दुखला तरी कूस बदलता येत नसे. आवडाबाई आणि पुतण्या हितेश, दोघं चादर धरून त्याला वळवायचे आणि त्या वेळी त्याच्या घशातून जो आवाज निघायचा तो ऐकून हितेश एकदा बाहेर ओट्यावर जाऊन रडला. आवडाबाईनं गरम पाण्याची पिशवी दिली, तेल चोळलं, एकवीरा आईला नारळ कबूल केले, साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण तिच्या हाती खरीखुरी होडी होती आणि ती काड्याच गोळा करत बसली होती.

डॉक्टर हेमांगीचा फोन यायचा. गोळ्या घेतात ना काका? घेतान, आवडाबाई सांगायची. वेळेवर? वेळेवर. "मग एवढं दुखायला नको," असं म्हणून डॉक्टरनं डोस वाढवला. हितेश ठाण्याला जाऊन मोठ्या गोळ्या घेऊन आला, आणि त्याही आवडाबाईनं कपाटात पहिल्यांवर ठेवून दिल्या. एवढी शिकलेली पोर तिकडे विचार करून करून थकत असेल, या विचारानं तिला लाज वाटायची. पण लाजेनं तोंड उघडत नाही, उलट आणखी मिटतं.

एका दुपारी ती त्याच्या खाटेशी बसून तांदूळ निवडत होती. टीव्ही बंद होता, गल्लीतही सामसूम होती.

"आवडे," तो म्हणाला. "सुटली बोल ना."

एवढ्या वर्षांत त्यानं तिच्याकडे काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. चहासुद्धा तो स्वतः करून घ्यायचा. तिनं खाली मान घालून एक खडा शोधला, मग दुसरा. मग ताट उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून तांदूळ धूत राहिली, पाणी पार नितळ झालं तरी धूतच राहिली. परत आली तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. आपण ऐकलं नाही असंच त्याला वाटलं असणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

कल्पिताला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाप फोनवर येईनासा झाला तशी ती बेचैन झाली, आणि एका रविवारी सकाळी सगळ्यांचा विरोध मोडून प्रितमला गाडी काढायला लावून मानपाड्याला आली. पोटाला हात लावून, प्रितमच्या आधारानं एकेक पायरी चढत ती वर आली तेव्हा आवडाबाईच्या काळजाचं पाणी झालं.

"कनाला आलीस तू?" ती ओरडली.

कल्पिता तिच्याकडे न बघता खाटेपाशी गेली. काळुरामनं हसायचा प्रयत्न केला. तिच्या डोक्याकडे त्याचा हात गेला आणि अर्ध्यातून मागे आला. तेवढ्यात आतून कळ आली. त्याची मान ताठ झाली, टॉवेल दातांत गेला, खाटेची पट्टी धरलेली बोटं पांढरी पडली. तो आवाज न करता रडत होता. कल्पितानं बापाला दारू प्यालेला पाहिला होता, पण रडताना कधी पाहिला नव्हता.

"आई, गोळीची वेळ कधीची होती?"

आवडाबाई चादरीचं टोक सारखं करायला लागली.

"आई, गोळी कुठंय? काय विचारतेय मी?"

डॉक्टरशी खोटं बोलणारी जीभ पोरीपुढे वळेना. आवडाबाईनं कपाट उघडलं. पाकिटं एकावर एक, सगळी कोरी. प्रितमनं ती बघितली आणि तोंड फिरवलं. कल्पिता आईकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिला ते समजत गेलं. ती तेव्हा तापात होती, पण डोक्यावरचा तो गार ओला हात ती विसरली नव्हती.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "हे माझ्या नावावर चाललंय? मला विचारलंत तुम्ही? उद्या माझं बाळ मोठं होऊन मला विचारेल, आजोबा कसे गेले, तर काय सांगू मी त्याला?"

"तसा बोलू नको. पोटुशी हायस."

कल्पिता कशीबशी बापाच्या खाटेवर टेकली, त्याचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बाबा, माझी शपथ ना? मग मीच सांगते. सुटली. आता घ्या गोळी."

काळुरामनं टॉवेल तोंडातून काढला. "तुझा नाय चालत, पोरी," तो म्हणाला. "घातली तिना."

आणि मग सगळे आवडाबाईकडे बघायला लागले. बघत नव्हता तो एक काळुराम. तो पंख्याकडे बघत होता. आवडाबाईला पोरीचं पोट दिसत होतं आणि त्याच्यामागे नवऱ्याचं खाटेला चिकटलेलं शरीर, आणि दोन्ही आपलीच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायला इतके दिवस जी जागा होती ती आता उरली नव्हती. तिनं तोंड उघडलं. तिनं भिंतीला हात टेकला.

"सुटली," ती म्हणाली. पोरीच्या पोटाकडे न बघता म्हणाली.

प्रितमनं डॉक्टरला फोन लावून दिला. आवडाबाईनं सगळं सांगून टाकलं, एकही गोळी पोटात गेलेली नाही इथपर्यंत. पलीकडे डॉक्टर हेमांगीनं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. ती आपल्याला शिव्या देईल तर बरं, असं आवडाबाईला वाटलं. पण डॉक्टरनं फक्त नीट समजावलं: नंतरची मोठी गोळी मुळीच द्यायची नाही, पहिल्या पाकिटातली लहान, एकच, आणि काका कसे आहेत ते थोड्या वेळानं कळवा. "सांगितलंत ते बरं केलंत, काकू," ती म्हणाली. ते ऐकून आवडाबाईनं फोन प्रितमच्या हातात दिला.

गोळी पाण्याबरोबर गेली. मग सगळे नुसते बसून राहिले. कल्पिताला आतल्या खोलीत निजवलं होतं, आणि आवडाबाईचा एक कान तिकडे होता, ती कण्हतेय का, हाक मारतेय का. आता पोर मोकळी होईपर्यंत तो कान तिकडेच राहणार होता, हे तिला कळून चुकलं होतं. कुणी हाक मारली नाही. ऊन खिडकीतून सरकून खाटेच्या पायाशी आलं, आणि काळुरामची बोटं पट्टीवरून आपोआप सुटली. जबडा सैल पडला. कपाळावरची ती आठी, जी आता चेहऱ्याचाच भाग झाली असं वाटत होतं, ती गेली. गिरणी बंद पडल्यावर माणूस जसा एकदम शांतता ऐकतो, तसा तो ऐकत होता.

"यवराच व्हता?" तो म्हणाला. "एक गोळी?"

आवडाबाईनं मान डोलावली. तिला डॉक्टरची ओट्यावरची खुर्ची आठवली. आता त्याला धरून बसवलं असतं तरी मान धरवली नसती, इतका तो वाळला होता. दुखणं गेलं होतं, पण बसायचे दिवस दुखण्यानं आधीच खाऊन टाकले होते. खाऊ घातले होते, तिनंच.

"त्या दुपारी मी बोललेलो तुना," काळुराम म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "सुटली बोल म्हणून. ऐकलेलास तू?"

खोटं तोंडाशी तयार होतं. महिनाभरात ते चांगलं रुळलं होतं.

"ऐकलेला," ती म्हणाली.



"मना वाटला, तुना ऐकू नाय गेला," तो म्हणाला. "त्याच्यावर दिवस काढले मी."

तिनं त्याच्या हाताला हात लावला. त्यानं तो झिडकारला नाही. थोड्या वेळानं त्यानं आपला हात हळूच काढून घेतला, खाटेची कड धरली, आणि कुणाच्याही मदतीशिवाय, तोंडातून हूं की चूं न करता, तो भिंतीकडे कुशीवर वळला.