मुलीच्या मामानं मुलीला आणावं

कामगार न्यायालयात कडुबाला एवढंच सिद्ध करायचं होतं, की आपण कामगार आहोत.

गारखेड्यातल्या बद्रीनाथशेठच्या मंगल कार्यालयात त्यानं उमेद घालवली. शेवटची तीन वर्षं पगार 'पुढच्या तिथीला' मिळणार होता. तिथ्या लई निघाल्या, लग्नं लागली, काहींचे घटस्फोटही झाले. पगार काही निघाला नाही. इकडं गावी, पिशोरला, बायकोचे, गीताबाईचे गुडघे धरले. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करा, नाहीतर बसून राहा. तेव्हा कडुबा कोर्टात गेला.

शेठचं म्हणणं लेखी आलं: कडुबा आमचा नोकर नव्हेच, पाहुणा आहे. हा पाहुणा पहाटे उठून कढया घासायचा, खुर्च्या मांडायचा, परत आवरायचा अन् संडासही धुवायचा. मराठवाड्यात पाहुणचार असतो, पण इतका नसतो, असं कडुबाच्या वकील विशाखाताईंनी न्यायाधीशांना सांगितलं. साहेबांना ते पटल्यासारखं दिसलं.

"घाबरू नका," ताई कडुबाला म्हणाल्या. "नातं विचारलं की नाही म्हणायचं. बस."

"नाय म्हनायला काय लागतं," कडुबा म्हणाला.

मग शेठचे वकील सुदर्शनराव उठले आणि त्यांनी एक फोटो पुढं केला. शेठच्या मुलीचं, अपेक्षाचं लग्न. शेठच्या मेव्हण्यांशी जमिनीवरून वाकडं आलेलं, त्यातला एकही लग्नाला फिरकला नव्हता. भटजी माइकवरून ओरडत होते, मुलीच्या मामानं मुलीला आणावं. सासरची मंडळी माना वळवून बघायला लागली. तेव्हा शेठनं भटारखान्यात धावत जाऊन कडुबाच्या डोक्यावर फेटा ठेवला होता. फोटोत कडुबा नवरीच्या मागं उभा. फेटा पुढाऱ्याचा, बनियन आचाऱ्याचं. मामा साधा आहे, असं सासरच्यांना सांगण्यात आलं होतं.

"या मुलीचे तुम्ही कोण?" सुदर्शनरावांनी विचारलं.

कडुबानं मान वर केली. मागच्या बाकावर अपेक्षा बसली होती, शेजारी तिची सासू. शेठनं दोघींना मुद्दाम आणलं होतं. सासूनं मामाला ओळखलं, हसून हात जोडले. अपेक्षा ओढणीचं टोक पिळत होती.

"बोला. शपथेवर आहात. मामा आहात का नाही?"

विशाखाताईंनी नाही नाही अशी मान हलवून दाखवली. सोबत आलेल्या गीताबाईनं बाकावर डोळे मिटून घेतले. तिला नवरा ठाऊक होता.

"व्हय," कडुबा म्हणाला. "मामा हाय."

"सख्खे?"

"आता उभा राह्यलो म्हनल्यावर चुलत कशाला."

साहेबांनी लिहून घेतलं.

"संपलं," बाहेर आल्यावर विशाखाताई म्हणाल्या. "मामाला पगार नसतो हो." अन् पुढं काही बोलायला नको म्हणून त्या फाइल कवटाळून निघून गेल्या.

गीताबाई एकेका पायरीवर बसत उतरत होती. तेवढ्यात मागून अपेक्षा आली, एकटीच.

"कडुबा," ती खाली बघत म्हणाली, "पप्पांनी गोदामाची चावी मागितलीय."

कडुबानं करदोड्याची गाठ सोडून चावी काढली, तिच्या हातावर ठेवली. "कुलूप जरा अडतं. वर उचलून फिरवायचं, बाई."

ती गेली.

"कोन व्हती वो ही?" गीताबाईनं विचारलं, जसं काही ठाऊकच नव्हतं.

कडुबा दोन पायऱ्या खाली उतरला, तिच्यापुढं पाठ करून वाकला.

"भाची," तो म्हणाला. "बस पाठीवर."