काळ्या गाडीत माशाचं सार

भुतांच्या महिन्यात शहाणा माणूस गाडी घेत नाही. चांद्र वर्षाच्या या सातव्या महिन्यात परलोकाची दारं उघडतात, भुतं महिनाभर सुट्टीवर येतात आणि नवी गाडी दिसली की मालकाआधी तीच चढून बसतात, असं सगळं ताइनान शहर मानतं. थिआन-पो नेमका याच महिन्यात गाडी बघायला निघाला, कारण भाव पडलेले असतात. ताबा पुढच्या महिन्यात घेतला की झालं. भुतांनाही एवढी पळवाट अजून सापडलेली नाही.

थिआन-पोची माशाच्या साराची टपरी होती आणि उभा जन्म स्कूटरवर गेला होता. आता मुलाचं लग्न ठरलं होतं. व्याही तैपेईचे, दातांचे डॉक्टर. नवरीला आणायला सहा गाड्या जाणार, त्यातली पहिली गाडी काळी, लांबलचक आणि स्वतःची असली पाहिजे, असं थिआन-पोने ठरवून टाकलं होतं. "भाड्याने घेऊ, बाबा, सगळेच घेतात," असं मुलगा म्हणाला, तर त्याच्याशी दोन दिवस अबोला.

त्याला कारण होतं. स्वतःच्या लग्नात पिक-हाला आणायला तो मित्राची मासे वाहायची गाडी घेऊन गेला होता. सासरा दारात उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "काय जावईबापू, नवरी न्यायला आलात की टूना?" सासरा कधीच वर गेला, पण गल्लीचं ते हसणं थिआन-पोच्या कानात अजून मुक्कामाला होतं.

जुन्या गाड्यांचा व्यापारी आ-हुई याने नवरा-बायकोपुढे दोन गाड्या उभ्या केल्या. एक काळी जर्मन, साडेसहा लाख, वॉरंटी शून्य. दुसरी रुपेरी जपानी, आठ लाख, इंजिन आणि गिअरबॉक्सची वर्षभराची वॉरंटी. काळी बघताच थिआन-पोच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने तिच्या बॉनेटवरून असा हात फिरवला की पिक-हाने मान वळवली. तिला असा हात कधी लाभला नव्हता.

"दादा, ही देवळाच्या अध्यक्षांची गाडी," आ-हुई म्हणाला. "फक्त जेवणावळींना जायची. कसली झीज नाही."

"मग वॉरंटी का नाही देत?" पिक-हाने विचारलं.

"वहिनी, आरशाला माझूदेवीचा ताईत बांधलाय की!"

"गिअरबॉक्स गेला तर देवी पाना घेऊन येणार का?" ती नवऱ्याकडे वळली. "हे बघ, म्हाताऱ्या माकडा, वॉरंटीशिवाय मी आयुष्यात एकच वस्तू घेतली. ती काय आवाज करते, ते रोज रात्री ऐकतेय."

आ-हुई खिदळला. थिआन-पोचे कान लाल झाले. त्याच्या खिशाला आठ लाख झेपत नव्हते, आणि झेपले असते तरी रुपेरी गाडी पाहून व्याही काय म्हणणार? बँकेचा कारकून आला म्हणेल.

"तोंड पाडू नकोस," पिक-हा म्हणाली. तिने स्कूटरवरून टपरीला न्यायचं साराचं पातेलं उतरवलं. "मी हे मांडीवर घेऊन मागे बसते. ज्या गाडीत सांडेल ती बाद."

आ-हुई चटकन काळीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. काळीच्या आत दुधाळ रंगाचं चामडं होतं. पण भुतांच्या महिन्यात गिऱ्हाईक म्हणजे देवच, नाही कसं म्हणणार?

रुपेरी गाडी आ-हुईने स्वतः फिरवली. थेंब सांडला नाही.

काळी चालवायला थिआन-पो स्वतः बसला, शेजारी आ-हुई. नवस फेडायला निघाल्यासारखी त्याने गाडी चालवली. मागच्या स्कूटरवाल्यांनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, तरी त्याचा पाय पेडलवर जेमतेम टेकलेला. परत येताना मात्र एका दुकानदाराने भुतांसाठी मांडलेलं नैवेद्याचं टेबल थेट रस्त्यात आलेलं. कोंबडी, फळं, उदबत्त्या. थिआन-पोने कचकन ब्रेक दाबला. मागे भस्सकन आवाज झाला आणि आलं घातलेल्या माशाच्या साराचा वास गाडीभर पसरला.

संपलं. काळी गाडी बाद. थिआन-पोने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. त्याला खरोखर रडू येत होतं.

आ-हुईने उतरून मागचं दार उघडलं आणि तो पांढरा पडला. "वहिनी! या उन्हात हे चामड्यात मुरलं की गाडी कोण घेणार? मांजरं?"

"मी काय करू? तुझ्या गाडीने सांडवलं. आम्ही रुपेरी घेतो."

"आणि हिचं काय?"

पिक-हाने पदराएवढा रुमाल काढून गुडघे पुसले. बराच वेळ पुसले. "वास आम्हाला सवयीचा आहे म्हणा. घेऊ हीच, साडेसहाला. पण रुपेरीची वॉरंटी हिला लिहून द्यायची. वर्षभर, इंजिन आणि गिअरबॉक्स."

"जर्मन गिअरबॉक्स वॉरंटीत? मी मरेन, वहिनी!"

"मरायचंच तर याच महिन्यात मर, सोबत आहे."

आ-हुईने नाकाला रुमाल लावून सही केली.

थिआन-पोला काय झालं ते नीट कळेना. काळी गाडी, काळीचाच भाव आणि वर वॉरंटी. स्कूटरवर तो शीळ घालत होता. मागे पिक-हा, तिच्या मांडीवर अर्धं उरलेलं पातेलं. झाकण त्या गाडीतच सीटखाली राहिलं होतं.

शाळेजवळ एक कुत्रं आडवं आलं. थिआन-पोने ब्रेक दाबला, स्कूटर घसरली, वाकडी झाली, सावरली. त्याने घाबरून मागे पाहिलं. पातेलं पिक-हाच्या गुडघ्यांत घट्ट होतं. एक थेंब बाहेर नाही, रस्ता कोरडा.

हीच बाई टपरी उघडल्यापासून रोज सकाळी असंच पातेलं घेऊन त्याच्या मागे बसत आली होती. ताइनानमधला एकेक खड्डा तिने पार केला होता. तिच्या हातून कधी सांडलं होतं?

"तू मुद्दाम..." तो म्हणाला.

"तुला तुझी टूना आठवते," पिक-हा म्हणाली. "त्या दिवशी पुढे तू आणि करवली बसलात. मी मागे, बर्फाच्या पेटीवर. घरी पोचेपर्यंत मला बूड आहे की नाही तेच कळत नव्हतं. माझी सून बर्फावर बसणार नाही, आणि वाटेत बंद पडलेल्या गाडीतही नाही."

थिआन-पोने हात मागे नेऊन पातेलं तिच्या मांडीवर नीट बसवलं.

"चल आता," ती म्हणाली. "मागे ट्रक येतोय."