अर्धा सेंटीमीटर

टणऽऽङ!

दुपारची वेळ. इस्लामपूरच्या त्या घरात सगळं चिडीचूप होतं. जेवणं उरकली होती, आजीचा डोळा लागला होता, नळाला पाणी यायला अजून तासभर होता. अशा वेळी कुणीतरी मला तांदळाच्या डब्यावर आपटलं आणि सगळं घर जागं झालं.

मित्रांनो, दचकू नका. तो आवाज माझा. मी एक जुना नादकाटा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत माझं एखादं भावंड तुम्ही पाहिलं असेल. इंग्रजी यू अक्षराला खाली एक दांडी जोडली की झालो मी. रबरावर हलकेच मारलं की माझ्या दोन्ही भुजा थरथरतात आणि एकच स्वच्छ सूर निघतो. रबरावर मारायचं, पत्र्याच्या डब्यावर नाही. पण राजेश्वरी पहिलीत आहे, आणि पहिलीतल्या मुलीला असली गोष्ट एकदा सांगून भागत नाही.

तिची आई संयोगिता धावत आली. रागावली नाही. तिनं मला ओढणीनं पुसलं आणि खिडकीतल्या जागी ठेवलं. या घरात मी कसा आलो, ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. पोलाद तापवून, वाकवून, घासून आम्हाला घडवलं. आम्ही आठ भावंडं. मी सगळ्यांत छोटा, म्हणून माझा सूर सगळ्यांत उंच. कारागिरानं माझ्या अंगावर आकडा ठोकला, ५१२. म्हणजे एका सेकंदात मी पाचशे बारा वेळा थरथरतो. तो आकडा हीच माझी अब्रू होती.

कराडकडच्या एका कॉलेजात आम्ही राहायला गेलो. तिथं माझं काम सोनोमीटरबरोबर असायचं. सोनोमीटर म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेली तार. तारेच्या टोकाला वजन टांगायचं, खाली दोन पाचरी सरकवायच्या, आणि तारेवर कागदाची चिमुकली घडी बसवायची, घोड्यावर स्वार बसतो तशी. मला वाजवून दांडी पेटीवर टेकवली आणि तारेचा सूर माझ्याशी जुळला की तो स्वार टुणकन उडून पडतो! मग पाचरींमधलं अंतर मोजायचं. ते अठ्ठावीस सेंटीमीटर भरायचं. त्यावरून गणित मांडलं की उत्तर पाचशे बारा. दरवर्षी नवी पोरं यायची, स्वार उडाला की हरखायची, आणि मी मनात म्हणायचो, बघा, मी बोलतो तसा वागतो.

आम्हा सगळ्यांची देखभाल कल्लाप्पा करायचे. लॅबमधले शिपाई. मुलं त्यांना मामा म्हणत. एका पावसाळ्यात माझ्या दोन भुजा जिथं मिळतात तिथं गंज धरला. तपासणी समिती येणार होती. 'सगळं लखलखीत दिसलं पाहिजे,' असा हुकूम सुटला. मामा नोकरीला नवे होते. त्यांनी कानस घेतली आणि गंज जाईपर्यंत मला घासलं. गंज गेला, मी आरशासारखा चमकलो. समिती खूश झाली.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला सोनोमीटरवर टेकवलं. अठ्ठावीसवर स्वार जागचा हलला नाही. मामांनी पाचर सरकवली. साडेअठ्ठावीसवर तो उडाला.

मित्रांनो, नादकाट्याला त्या खोबणीत घासलं की त्याच्या भुजा सैलावतात आणि सूर उतरतो. मी आता पाचशे बारा राहिलो नव्हतो. पाचशे तीन झालो होतो. मामांना ते कळलं. त्यांनी दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मला पेटीत ठेवून पेटी मिटली. नोकरी अजून कायम व्हायची होती.

आणि गंमत सांगू का? पुढं वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुलं आधी माझा आकडा बघत, मग उत्तर लिहीत आणि मग उत्तराला जुळतील अशी मापं बसवत. जर्नलं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडं येत. सगळ्यांत अठ्ठावीस, सगळ्यांत पाचशे बारा. माझी वाहवा होत होती आणि मी आतल्या आत मिटत होतो. खोट्या नावानं हाक मारली तरी ओ द्यावी लागते, तसं माझं झालं होतं.

मग एक वर्षी मलकापूरहून संयोगिता आली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. दोन वेण्या, शाईचे डाग पडलेली बोटं. तिनं माप घेतलं, साडेअठ्ठावीस. पुन्हा घेतलं, साडेअठ्ठावीस. तिनं जर्नलात तसं लिहिलंसुद्धा! मला वाटलं, आता कुणीतरी मला ऐकलं. पण शेजारच्या मुलींची जर्नलं तिनं पाहिली, माझ्यावरचा आकडा पाहिला आणि साडेअठ्ठावीसवर काट मारली. वर लिहिलं, अठ्ठावीस.

परीक्षेत तर तिनं काट मारायलाही काही ठेवलं नाही. थेट अठ्ठावीस लिहून मोकळी झाली. पण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या टेबलावरची मोजपट्टी पाहिली. पाचरी साडेअठ्ठावीसवर, कागदावर अठ्ठावीस.

"हे माप तुम्ही घेतलंत की बनवलंत?"

दाराशी मामा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली. प्रात्यक्षिकात ती नापास झाली. त्या धक्क्यात लेखी पेपरही बुडाला. विषय मागं ठेवून तिनं दुसरं वर्ष केलं, मग लग्न ठरलं आणि शिक्षण थांबलं.

पुढं लॅब नव्या इमारतीत गेली. आमची पेटी अडगळीत पडली. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मामांना विचारलं, "काय पाहिजे तुम्हाला आठवण म्हणून?" मामा म्हणाले, "त्यो नादकाटा द्या." सगळे हसले. मामा मला घेऊन इस्लामपूरला आपल्या लेकाकडं आले आणि घरोघरी मिक्सर, मोटारी दुरुस्त करू लागले. मी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत असायचो. त्यांना आता कमी ऐकू येत होतं. रोज सकाळी ते मला गुडघ्यावर वाजवून दांडी कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि सूर विझेपर्यंत डोळे मिटून बसायचे. कशाला, ते मला ठाऊक होतं. तो उतरलेला सूर त्यांना विसरायचा नव्हता.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. राजेश्वरीच्या आजीचा, शालूबाईंचा मिक्सर बिघडला, म्हणून मामा गेले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मिक्सरला आणि मूठ कानाला लावून त्यांनी ऐकलं.

"बेरिंग गेलंया, ताई."

"लय वराडत हुता, अण्णा. मला वाटलं आता ह्येचा बी शेवटचा चान्स!" शालूबाई म्हणाल्या. "आमच्या सूनबाईवानी."

ओट्याशी उभी असलेली सून मागं वळली. मामांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. संयोगिता! तिनंही त्यांना ओळखलं. "अहो, लॅबमधले मामा ना तुम्ही?"

मग सगळं कळलं. येत्या उन्हाळ्यात जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा होती. भौतिकशास्त्र आता सुटलं तर थेट तिसऱ्या वर्षाला बसता येणार होतं. नाही सुटलं, तर पुन्हा पहिल्या वर्षापासून. फौजेत असलेल्या नवऱ्यानं, विश्वजीतनं, फोनवर सांगितलं होतं, "शिकवणी लाव, पण सोडू नको." म्हणून ती दीड महिना शिकवणी शोधत होती.

"विचारल्याशिवाय एकही क्लास सोडला नाही, मामा," ती सांगत होती. "सगळ्या पाट्या अकरावी-बारावीच्या. एक सर म्हणाले, बी.एस्सी.ची दहा मुलं आणा, मग बघू. एकांनी संध्याकाळी सातची वेळ दिली."

"सातला! भाकरीच्या टायमाला!" शालूबाई.

"मोबाईलवर एकजण शिकवत होते. इतकं भरभर की मी मध्ये राजेश्वरीचं नाक पुसलं तेवढ्यात दोन धडे संपले."

मामा खाली बघून मिक्सरचे स्क्रू पिळत राहिले. शेवटचा स्क्रू घट्ट करून म्हणाले, "पुस्तकातलं मला येत न्हाई, पोरी. त्ये तू वाच. हातातलं समदं येतं. दुपारी येत जाऊ का?"

शालूबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया! कालिजाचं शिकवायला शिपाई?"

"आत्या, मास्तर मिळत नाहीत," संयोगिता सासूला हळूच म्हणाली. "आणि हे माझ्याच वेळेला येणार आहेत."

अशी ती शिकवणी सुरू झाली. मोडक्या दिवाणाची फळी हा आमचा सोनोमीटर. वजनाला दोन किलोचं माप वाणसामानाच्या दुकानातून आणलं. तारेच्या एका मीटरचं वजन कळणं जरुरीचं होतं, म्हणून संयोगिता ते भेंडोळं घेऊन सराफाकडं गेली. सराफानं काट्यावर ठेवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "वहिनी, एवढीच मोड?" कागदाचे स्वार राजेश्वरी लग्नपत्रिकांतून कापायची. एका स्वाराला तिनं मिश्यासुद्धा काढल्या.

महिनाभर मामा मला पिशवीतच ठेवत. माझ्या थोरल्या भावासारखा दुसरा एक नादकाटा त्यांनी कुठूनतरी मागून आणला होता, त्यावर तिचा हात बसवला. मग एका दुपारी त्यांनी मला बाहेर काढलं. दोनदा बाहीला पुसलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

मिशीवाला स्वार उडाला. राजेश्वरीनं टाळ्या पिटल्या. संयोगितानं माप घेतलं, गणित मांडलं. पाचशे तीन. पुन्हा केलं. पाचशे तीन. तिनं माझ्यावरचा ठसा वाचला, आणि तिचा चेहरा नऊ वर्षांपूर्वीसारखा झाला.

"बघा, मामा. परत तेच. मला हे जमतच नाही. माझ्या हातालाच खोट आहे."

तिनं पेन उचललं. काट मारायला. मामांनी कागदावर हात ठेवला.

"खोट तुज्या हातात न्हाई, पोरी. त्याच्यात हाय. मी घासलाय त्यो. कानशीनं."

त्यांनी सगळं सांगितलं. गंज, समिती, पेटी, परीक्षा, पाण्याचा तांब्या. "तवा दारात मी बोललो आस्तो, तर तू पास व्हतीस. मला ठावं व्हतं. मी भ्यालो."

मी त्या फळीवर पडून होतो आणि मला वाटलं, आता माझा आवाज कायमचा गेला तरी चालेल.

पहिल्यांदा शालूबाई बोलल्या. "नऊ वरसं माझी सून सोताला ढ म्हणती. पोरीच्या पाटीवरची बेरीज बी दोनदा तपासती. आन् तुमी हितं रोज च्या पिऊन जाताय, अण्णा?"

मामा उठले. पिशवी काखेत मारली. चप्पल घालू लागले. संयोगिता मोबाईलवर आवाजाची कंपनं मोजणारं ॲप शोधत होती. मग तिनं मला रबरावर वाजवलं आणि मोबाईलसमोर धरलं. पडद्यावर आकडे धावले आणि थांबले. पाचशे तीन.

ती रडली, मित्रांनो. हसत रडली की रडत हसली, ते मला पोलादाला काय कळणार! मग दारातल्या मामांना तिनं हाक मारली.

"मामा, अजून रेझोनन्स ट्यूबचा प्रयोग राहिलाय. उद्या तीनला या. आणि आता मला खरं काय ते शिकवायचं."

परीक्षा वैशाखात झाली. तिला सोनोमीटर आलाच नाही, दुसराच प्रयोग आला. उत्तर पुस्तकातल्यापेक्षा थोडं वेगळं आलं. तिनं काट मारली नाही. जे आलं ते लिहिलं आणि फरक का पडला असेल, ते खाली दोन ओळींत मांडलं. परीक्षकांनी त्या ओळी वाचल्या आणि पुढं गेले. आज सकाळी निकाल लागला. लेखी काठावर, प्रात्यक्षिक चांगलं. ती पास झाली. मामांनी मला तिच्या हातात ठेवलं. "आता ह्यो तुजा. माझ्या कानाला आता ह्येची गरज न्हाई."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्या शाळेतही असतील. त्यांना पत्र्यावर आपटू नका, चमकवण्यासाठी खरवडू नका. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. आमच्या अंगावर काय लिहिलंय ते जरूर वाचा, पण आधी आम्ही काय बोलतो ते ऐका. आणि ऐकलंत, तर तसंच लिहा.

तर आजची दुपार. मला जागेवर ठेवून संयोगिता कपाटातून जुनं जर्नल काढून बसली होती. पिवळी पानं, ओळखीची शाई. राजेश्वरी तिच्या मांडीवर येऊन बसली. तिचं बोट एका आकड्यावर थांबलं.

"आई, हे तू लिहिलंयस?"

"हो, गं."

"हे बरोबर होतं ना? कल्लाप्पा आजोबा म्हणाले तेच?"

"हो. बरोबर होतं."

राजेश्वरीनं त्या काटेवरून बोट फिरवलं, एकदा इकडून तिकडं, एकदा तिकडून इकडं.

"मग तू त्याच्यावर काट का मारलीस?"

संयोगितानं पेन उचललं आणि काटेखाली पुन्हा लिहिलं, साडेअठ्ठावीस. खिडकीतून मला तो आकडा स्पष्ट दिसत होता.