घरची चाल

वेणीमाधवशास्त्र्यांचा घसा ऐन भाद्रपदात बसला आणि उत्तरेत रामघाटावर स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत खळबळ उडाली. मंडळी म्हणजे मोजकी घरं आणि एक वेदपाठशाळा, पण गणपतीची आरती व्हायची ती शास्त्रीबुवांच्या घरच्या चालीतच. ही चाल पूर्वजांनी कोकणातून आणली, असं ते छातीठोकपणे सांगत. यंदा ती म्हणायला मालविकेला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, पुढे करायचं ठरलं.

मालविका विद्यापीठात शिकत होती. घरात केबल आल्यापासून तिचे कान बिघडलेत, असं वडिलांचं ठाम मत होतं. झालंही तसंच. तिने आरती बसवली ती बाजारातल्या कॅसेटवरच्या चालीत: ढोलक, कीबोर्ड, आणि मध्येच शिट्टीसारखं काहीतरी.

"ही आरती आहे की वरात?" घोगऱ्या आवाजात ते ओरडले.

"बाबा, तुमची चाल बहुत स्लो आहे. लोक जांभया देतात. मतलब, गणपतीपण देत असेल."

"ही चाल तुझ्यापाशी संपली, तर मी वर जाऊन माझ्या वडिलांना काय तोंड दाखवू?"

मालविकेने आवाज थोडा कमी केला. कॅसेट मात्र तिने बंद केली नाही.

शास्त्रीबुवा तडक बालाजी घाटावर अंबिकाआत्याकडे गेले. वडिलांची ही बहीण आता ऐंशीच्या पुढची, पण तिचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे. तिने पोरीला चार खडे बोल सुनावले की काम झालं.

आत्याने सगळं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"अरे वेण्या, कोकणातली कसली? ती तर इथली कजरी! शेजारच्या अंगणात बायका झुल्यावर गायच्या, ती तुझ्या बापाने उचलली. आमचे दादा, म्हणजे तुझे आजोबा, असे भडकले होते! देवापुढे झुल्याची गाणी गातोस म्हणून. जेवले नाहीत त्या दिवशी."

"मग आजोबांची चाल कुठली?"

"ती कुणाला आठवते, बाबा? लांबलचक होती. मला तर झोप यायची."

परतताना शास्त्रीबुवा चाल गुणगुणू लागले. इतकी वर्षं तिच्यात त्यांना समुद्र ऐकू यायचा, आणि समुद्र तर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आता नुसता झुला ऐकू येत होता. राग काढायचा कुणावर? वडिलांवर? ते तर आजोबांपुढे मालविकाच होते. आणि आजोबांचं बरोबर म्हणावं, तर स्वतः आजवर देवापुढे काय गात आलो? त्यांचं डोकं चालेनासं झालं.

संध्याकाळी निरांजन लागलं, मंडळी उभी राहिली. मालविका हळूच जवळ आली.

"बाबा, आपलीच गाते. दुपारभर रियाज केला. चलेगा?"

याच वाक्यासाठी ते इतके दिवस भांडले होते. पण 'आपली' म्हणजे कुणाची, हेच त्यांना उमगेना.

"तुला आवडते ती म्हण," ते म्हणाले, आणि असं का म्हणालो म्हणून स्वतःच दचकले.

"सच?"

त्यांनी मान डोलावली.

मालविकेने तिची चाल लावली. त्यांना ती मुळीच आवडली नाही. वडिलांचं गाणं आज इथे संपलं, हे त्यांना कळलं. भोवती टाळ्यांनी ताल धरला. टाळीसाठी त्यांनीही हात उचलले, पण ते अधांतरीच राहिले. वडिलांनी पहिल्यांदा कजरी लावली तेव्हा आजोबांनी टाळी धरली होती का? आत्याला नेमकं तेवढंच विचारायचं राहिलं होतं.