पोट सोडा, बाई

एकतीस वर्षं मी शाळेच्या मैदानावर मुलींना एकच ओरडून सांगत आले: पोट आत, मान वर, नजर समोर. शाळेत माझं नाव शिट्टीबाई. मी शिट्टी फुंकली की शिपाईसुद्धा ताठ उभा राहायचा. आणि आता माझ्या मुलीहून लहान असलेली एक थेरपिस्ट मला सांगत होती, "पोट सोडा, बाई. अजून सोडा."

खोली एवढीशी. एक पलंग, एक पडदा, एक स्क्रीन आणि खिडकीत हातमोज्यांचा डबा. मी कुशीवर पडलेले. मागून बोटाएवढा सेन्सर आत घातलेला, पोटावर दोन चिकटपट्ट्या. स्क्रीनवर दोन रेघा होत्या: हिरवी गुदद्वाराच्या स्नायूची, निळी पोटाची. शौच रोखून धरताना आवळतो तसं आवळायचं, हिरवी वर गेली पाहिजे, निळी जागची हलता कामा नये.

मी जीव खाऊन आवळलं. निळी ताडकन वर गेली. हिरवी ढिम्म.

"श्वास घ्या. कोंडून धरलाय तुम्ही."

"आम्ही कवायतीत असंच शिकवतो."

"तिथं चालेल. इथं उलटं होतं. पोट आवळलं की वरून दाब येतो. म्हणजे तुम्ही दार लावून धरताय आणि आतून स्वतःच ढकलताय."

मला तिचा रागच आला. सात वर्षं मी जिवाच्या आकांतानं हेच तर करत होते, आणि ही पोरगी म्हणते उलटं! घरी जाईपर्यंत माझी चिडचिड चालू होती. राग तिच्यावर नव्हता, हे दोन दिवसांनी कळलं.

मुलीच्या जन्माच्या वेळी चिमटा लावावा लागला होता. खालचं फाटलं, टाके पडले, आणि मी ते विसरूनही गेले. पन्नाशीत एके दिवशी मैदानावर, शिट्टी तोंडात असताना, कळायच्या आत सगळं झालं. कमरेला स्वेटर बांधून घरी आले. तेव्हापासून घराबाहेर पडायचं म्हणजे वाटेत कुठं कुठं शौचालय आहे ते आधी डोक्यात मांडायचं. शेवटी दोन वर्षं आधीच निवृत्ती घेतली. लोकांना सांगितलं, गुडघे. नवऱ्यालाही गुडघेच. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही, आणि त्याचा मला अभिमान होता, हे आज कबूल करते.

त्याचे भोग मुलीच्या वाट्याला आले. तिच्या लग्नात जेवणं सुरू व्हायच्या आधीच मी निघून गेले. मुलगा तिनं स्वतः निवडलेला, मी आधी थोडी कुरकुर केलेली. तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. पुढं चार वर्षांत मी तिच्या घरी एकदाही गेले नाही, कारण बसचा प्रवास नऊ तासांचा. मग तिला दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात तिचा फोन आला.

"आई, बाळंतपणाला तरी येशील?"

"बघू गं. गुडघे..."

"गुडघे राहू देत. तुला माझा संसार बघवत नाही, तेवढं स्पष्ट बोल ना एकदा."

तिनं फोन ठेवला. खरं काय ते एका वाक्याचं होतं, पण माझ्या तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले, आणि त्यांनी मला या खोलीत पाठवलं. बाळंतपणाला तीन महिने होते. बसमध्ये नऊ तास बसता आलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

दर आठवड्याला एक बैठक, आणि घरी रोजचा सराव. ओट्याशी उभी असताना, टीव्हीसमोर बसल्या बसल्या, श्वास चालू ठेवून आवळायचं आणि सोडायचं.

"काय गं, शून्यात काय बघतेस?" नवरा विचारायचा.

"व्यायाम करतेय."

"बसून?"

"हो, बसून. तुम्हीही आयुष्यभर तोच करताय की."

चौथ्या बैठकीला हिरवी रेघ हलली. तीन सेकंद वर राहिली आणि निळी तशीच पडून. मला हुंदका आवरेना. थेरपिस्टनं रुमाल पुढं केला. पुढच्या वेळेपासून ती आत छोटा फुगा ठेवून त्यात थोडं थोडं पाणी भरायची आणि जाणवलं की सांगायला लावायची. सुरुवातीला मला फार उशिरा कळायचं. सातव्या बैठकीला निम्म्या पाण्यातच मी "आत्ता" म्हणाले.

"अगदी पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण आता आधी कळेल, आणि पोचेपर्यंत धरता येईल. घरी कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"मुलीला?"

"तिला कशाला?"

बसमध्ये मी दाराजवळची जागा घेतली. दोनदा उतरले, दोनदा वेळेत पोचले. मुलीनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरे दिसतायत गुडघे," म्हणाली, आणि आत निघून गेली. पाच दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

बाळंतपण अवघड गेलं. एकोणीस तास. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातली नर्स प्रश्नांचा कागद घेऊन आली. जावई खुर्चीत बाळ घेऊन बसलेला.

"लघवी ठीक? शौचाचं? थांबवता येत नाही, कळत नाही, असं काही?"

"नाही. सगळं ठीक आहे," मुलगी म्हणाली.

पहाटे तिनं चादर स्वतः गुंडाळून पलंगाखाली कोंबलेली मी पाहिली होती. मला हात लावू दिला नव्हता. आता ती श्वास कोंडून, पोट आत ओढून बसली होती. तेच "सगळं ठीक" मी सात वर्षं स्वतः म्हणत आले होते.

नर्सनं कागदावर खूण केली आणि ती वळली.

"थांबा," मी म्हणाले. आवाज मैदानावरचा निघाला. "तिला पुन्हा विचारा."

"आई, गप्प बस!"

"नाही बसणार. तुझ्या वेळी मी फाटले होते. सात वर्षं मला शौच आवरत नाही. तुझ्या लग्नात कपडे खराब झाले म्हणून मी पळाले. तुझ्या घरी आले नाही ती बसच्या भीतीनं. माझ्या गुडघ्यांना काही धाड भरलेली नाही."

जावयानं मान खाली घालून बाळाकडे पाहिलं. मुलगी माझ्याकडे वळली.

"चार वर्षं, आई," ती म्हणाली. "मला वाटत होतं की मी तुला..."

मी पलंगावर तिच्याशेजारी बसले. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि नर्सकडे तोंड फिरवलं.

"कालपासून दोनदा झालं," ती म्हणाली. "मला कळलंच नाही."

नर्सनं खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.