गुलाबी डोक्याची माशी

अडीच वर्षं माझ्या संत्र्याच्या झाडाला सापळा टांगलाय आणि दर मंगळवारी शेती खात्यातली ब्रॉन्विन तो उघडून बघते. आमच्या रेनमार्क गावात फळमाशी सापडली, तेव्हापासून गावाबाहेर एकही फळ न्यायला बंदी. मग खात्याने लाखो नरमाश्या पैदा केल्या, किरणं मारून निर्बीज केल्या, ओळखू याव्यात म्हणून गुलाबी पूड माखली आणि दिल्या आमच्या गावावर सोडून. रानातल्या माद्या यांच्याशी संसार थाटतात आणि अंडी फुकट जातात. काय एकेक डोकी चालतात लोकांची.

बंदीला मी चारचौघांत शिव्या घालतो, पण खरं सांगायचं तर ती माझ्या पथ्यावरच पडली. माझी मुलगी, अँथूला तिचं नाव, अ‍ॅडलेडला असते, गाडीने तीन तास. ग्रीक क्लबात कुणी विचारलंच, "काय थानासी, पोरीकडे जात नाहीस?" की माझं ठरलेलं, "रिकाम्या हाताने जाऊ? तिला माझीच संत्री लागतात, आणि ती न्यायची कशी?" मग कुणी पुढे विचारत नाही.

तिच्या आईला पुरलं त्या दिवशी सगळ्यांदेखत मी तिला म्हणालो होतो, "आईच्या आजारपणात तुला वेळ नव्हता, आता बरी सवड झाली." आजारपणात ती दर रविवारी येत होती. मला माहीत होतं. तरी बोललो. त्यानंतर ती आली नाही आणि मीही गेलो नाही.

या मंगळवारी सापळ्यात एकच माशी निघाली. ब्रॉन्विनने तिच्यावर निळा दिवा धरला. माशीचं डोकं गुलाबी चमकलं.

"आपलीच आहे," ती म्हणाली. "बारा आठवडे झाले, रानटी एकही नाही. शुक्रवारी बंदी उठतेय."

"नीट बघ. दिवा जुना झालाय तुझा."

"अहो, शिव्या घालत होता ना बंदीला? आता माशीच्या प्रेमात पडलात की काय?"

"बघ म्हणतो ना."

तिने पुन्हा बघितलं. गुलाबीच. "आता महिन्यातून एकदाच येईन," ती म्हणाली. "पोरीला संत्री देऊन या." कॉफीलाही थांबली नाही, घाईत होती. दोन्ही कप मीच प्यायलो.

शुक्रवारी पेटी भरली, गाडीत ठेवली. मग फोन लावला.

"बाबा? बरं आहे ना सगळं?"

"हो. बंदी उठली. संत्री घेऊन येतो म्हणत होतो. इतके दिवस येताच आलं नाही बघ, त्या माश्यांपायी."



"बंदी संत्र्यांवर होती, बाबा," ती म्हणाली. "तुमच्यावर नव्हती."

माफ कर, एवढंच म्हणायचं होतं मला.

"यंदा संत्र्यांची साल जरा जाड आहे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.