कबुतरांना ऐकवलेली यादी

मी एक जुना भोंगा आहे. कृषी कार्यालयाच्या गच्चीवर, गंजक्या खांबाला घट्ट आवळलेला. कडेला एक मोठा पोचाही आहे. मित्रांनो, मला हळू बोलता येत नाही, तेव्हा कान सांभाळून ऐका.

पत्रा ठोकून मला घडवणारा कारागीर म्हणाला होता, "हा मेलेल्यालाही उठवेल." मला इथे आणलं आणि माझं तोंड बाजाराच्या चौकाकडे केलं. काम एकच. कोणत्या शेताचं, कोणत्या पिकाचं सरकारी अनुदान कोणाला मिळालं, हे दर हंगामात जाहीर सांगायचं. खालच्या खोलीत कारकूनकाका माईकवर यादी वाचायचे आणि वर मी गर्जायचो. हातातलं काम टाकून लोक ऐकायचे. कोणाचं नाव गळलं तर तिथल्या तिथे आरडाओरडा व्हायचा. काय मान होता माझा!

मग अनुदान समितीचे नवे अध्यक्ष आले. "या भोंग्याने डोकं उठतं," म्हणाले आणि माझं तोंड मागच्या गोदामाकडे फिरवून घेतलं. तिथे रिकामी पोती आणि कबुतरं; माझा आवाज त्या पोत्यांतच जिरायचा. वाचन मात्र बंद झालं नाही हं! नियम म्हणजे नियम. काका मान खाली घालून वाचायचे, मी ओरडायचो, कबुतरं पंख झटकायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पण भोंग्याला स्वतःहून मान वळवता येते का?

यंदा बटाटे लावणाऱ्या काकू कार्यालयात आल्या. मागच्या हंगामाचं अनुदान त्यांना मिळालंच नव्हतं. ते नाही मिळालं तर बियाणं नाही, आणि बियाणं नाही तर शेत पडीक.

"काका, आज वाचन आहे ना?"

"झालं की आत्ताच."

"कुठे झालं? मी सकाळपासून चौकात कान देऊन बसलेय."

काकांनी नुसतं वर बोट दाखवलं.

काकू जिना चढून आल्या. माझ्याकडे बघितलं, गोदामाकडे बघितलं. "अगंबाई! अनुदान कबुतरांना वाटतात होय?" तरातरा खाली गेल्या आणि ट्रॅक्टरमधला पाना घेऊन परत आल्या. माझे नट गंजून बसलेले. काकूंचा हात सोलवटला, पण सोडतात कसल्या! "फिर रे बाबा, फिर." मीही मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. करकर करत फिरलो एकदाचा.

अध्यक्ष धावत आले. "हे काय चाललंय? वाचन रीतसर झालंय!"

काकू जिन्यातूनच म्हणाल्या, "लोकांना ऐकू जाईल असं वाचा, हा नियम आहे साहेब. पुन्हा वाचा."

"कोणीही माईकला हात लावायचा नाही!"

तरी कारकूनकाका उठले. "साहेब, वाचायचं काम माझं आहे," म्हणाले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"ओढ्याकाठचं शेत. पीक बटाटा." पुढे नाव आलं ते अध्यक्षांच्या मेहुण्याचं! मेहुण्याचं चौकात फोटोचं दुकान. मातीशी संबंध बुटांना चिखल लागेल तेवढाच.

चौकातून कोणीतरी ओरडलं, "अहो, ते तर काकूंचं शेत!"

"फोटोवाला कधीपासून बटाटे लावायला लागला?"

मेहुण्याने धाडकन शटर ओढलं. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मी? इतक्या वर्षांनी माणसांशी बोलत होतो. मला केवढा आनंद झाला!

पैसे काही त्याच दिवशी हातात पडले नाहीत. काकू रोज येऊन कार्यालयाच्या बाकावर बसायच्या. शेवटी चौकशी झाली, यादी दुरुस्त झाली आणि काकूंचं नाव मीच खणखणीत आवाजात चौकाला ऐकवलं. लागवड वेळेवर झाली.

आता लोक मला तेलपाणी करतात, रंग लावतात. बरं वाटतं. पण मित्रांनो, तेवढ्याने माझी काळजी घेतली असं होत नाही. माझा आवाज मोठा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मधूनमधून मान वर करून बघा, माझं तोंड कोणाकडे आहे. फिरलेलं दिसलं तर कोणाची वाट बघू नका, सरळ वर या. काकूंनी पाना परत नेलेला नाही. तो इथेच, माझ्या खांबाला टांगलेला आहे.